दगडी पायरी झिजलीय, बदलू का उलटी करू? (सातारा, जुनं घर)

माचीवरनं | ४ मे, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण घरात यावरनं रोज बोलणं होतंय आणि पावसाळ्याच्या आत काहीतरी ठरवायलाच पाहिजे.

घर साताऱ्यात माची पेठेत, पणजोबांनी बांधलेलं. दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, मंगलोरी कौलं. पुढच्या दाराला काळ्या दगडाच्या दोन पायऱ्या आहेत, त्यातली वरची मधोमध चांगली दीड इंच झिजून कटोऱ्यासारखी झालीय. पावसाळ्यात त्यात पाणी साठतं आणि ती एवढी गुळगुळीत झालीय की मागच्या श्रावणात आई त्यावरनं घसरली. मनगटाला प्लास्टर, सहा आठवडे. आई ७२ वर्षांची आहे. तेव्हापासनं मला त्या पायरीकडं बघितलं की पोटात गोळा येतो.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो दगड फोडून काढू आणि सिमेंट कोबा करून वर ग्रॅनाइट टाकू, एका दिवसाचं काम आहे. आई म्हणते दगड फोडायचा नाही. तिचं म्हणणं, या पायरीवरनं माप ओलांडून मी घरात आले. दोघांचंही पटतं आणि म्हणूनच अडकलोय. कुणी अशी पायरी बदललीय का किंवा नुसती दुरुस्त केलीय का? मापं: लांबी साडेचार फूट, रुंदी १४ इंच, जाडी अंदाजे ७ इंच.

---

मिरजकर६१ | ४ मे, रात्री १०:२०

दादा, आधी आईंची तब्येत. माझ्या आईचं खुब्याचं हाड असंच ओल्या फरशीवर पडून मोडलं होतं आणि त्यानंतर ती घराबाहेर फारशी गेलीच नाही, त्यामुळं माझा सल्ला सरळ आहे की भावना बाजूला ठेवून पायरी बदला. ग्रॅनाइट वाईट नाही, फक्त पॉलिश केलेलं घेऊ नका, ते ओलं झालं की काचेसारखं होतं. फ्लेम फिनिश म्हणून मिळतं, पृष्ठभाग जाळून खडबडीत केलेला असतो, ते घ्या. शहाबादी किंवा कडप्पा तर अजिबात नको, दोन्ही चुनखडकाच्या जातीतले, काळ्या दगडाच्या मानानं मऊ, परत झिजणारच.

आणि काहीही करा पण हाताला धरायला लोखंडी कठडा बसवा. हे उद्याच करा, बाकी सगळं नंतर.

---

वाईची_लेक | ४ मे, रात्री ११:०५

मिरजकर काकांचं कठड्याचं एकदम पटलं. पण दगड फोडायची घाई करू नका हो.

माझ्या माहेरी वाईला असंच होतं, घाटाकडच्या बोळातलं घर. आमच्या पायरीला पाथरवटाकडनं टाकी मारून घेतली होती. पूर्वी जातं गुळगुळीत झालं की टाकी लावायला पाथरवट दारावर यायचे ना, अगदी तसंच. छिन्नीनं बारीक बारीक घाव घालून पृष्ठभाग खडबडीत करतात, मग पाय धरून राहतो. अर्थात आमची पायरी एवढी खोल झिजलेली नव्हती, तुमच्या दीड इंच खड्ड्यातलं पाणी नुसत्या टाकीनं जाणार नाही.

एक विचारू का? पायरीच्या कडेला विळ्या-खुरप्याला धार लावून पडलेली खाच आहे का? आमच्याकडं होती. आजी सुगीच्या दिवसांत तिथंच बसून विळा घासायची. ती असेल तर आधी फोटो काढून ठेवा.

---

माचीवरनं | ५ मे, सकाळी ७:१५

ताई, आहे! तुम्ही लिहिलंत म्हणून आत्ता सकाळी जाऊन बघितलं. पुढच्या कडेला उजव्या हाताला करंगळी बसेल एवढी खाच आहे. मला वाटायचं दगड तिथं फुटलाय. आईला विचारलं तर म्हणाली आजेसासूबाई आणि नंतर सासूबाई दोघी तिथंच विळा घासायच्या. पंचेचाळीस वर्षं या घरात राहतोय आणि हे मला माहीतच नव्हतं.

---

चुनाघाणी | ५ मे, दुपारी १:४०

मी कराडचा, वडील गवंडी होते, मी स्वतः पंधरा-वीस वर्षं जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचंच काम करतोय. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, दगड वरनं बघून काही ठरवू नका. हातोडीनं हलकेच सगळीकडं वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर दगड आतनं शाबूत आहे, एखाद्या ठिकाणी बद्द आवाज आला तर तिथं चीर आहे किंवा खालनं पोकळ झालंय. शाबूत असेल तर तो टाकून देण्यासारखं पाप नाही कारण सात इंच जाडीचा असा चिरा आज घडवून घ्यायला गेलात तर खाण, पाथरवट, गाडी सगळंच शोधत बसावं लागतं.

दीड इंच झीज म्हणजे खाली साडेपाच इंच दगड शिल्लक आहे. अशा वेळी जुने गवंडी दगड उलटा करायचे. खालची बाजू वर घ्यायची, तीच नवी पायरी. पण आपल्याकडं खालची बाजू बहुतेक वेळा घडवलेली नसते, खाणीतनं आली तशीच ओबडधोबड असते, त्यामुळं काढल्यावर पाथरवटाला दोन दिवस तरी बसवावं लागेल आणि त्यात इंचभर जाडी जाईल. जाऊ दे, खालनं भर घालून पातळी आणता येते.

दुसरी गोष्ट वजनाची. साडेचार फूट × १४ इंच × ७ इंच म्हणजे तीन घनफुटांच्या थोडं वर. काळा दगड घनफुटाला ऐंशी-ब्याऐंशी किलो धरा. म्हणजे हा दगड अडीचशे किलोचा आहे. चार गडी लावून "उचल रे" करायचं काम नाही हे, कुणाची तरी बोटं जातील नाहीतर कंबर जाईल. पहारीनं एक टोक इंचभर उचलायचं, खाली लाकडी पाचर सारायची, मग दुसरं टोक, असं करत करत खाली लोखंडी पाईपचे तुकडे घालायचे आणि रूळावरनं पुढं ओढायचा. घाई करायची नाही.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची. ही पायरी चौकटीच्या बाहेर सुटी आहे का तिची मागची बाजू लाकडी उंबरठ्याखाली गेलीय? हे बघून सांगा. त्यावर सगळं काम अवलंबून आहे.

---

माचीवरनं | ५ मे, संध्याकाळी ६:३०

हातोडीनं वाजवलं, सगळीकडं खणखणीत, फक्त डाव्या टोकाला थोडा बद्द आवाज येतोय.

उंबरठा सागवानी आहे आणि दगडाचा मागचा चार बोटं भाग त्याच्याखाली गेलाय. म्हणजे चौकट दगडावर उभी आहे असंच म्हणायला पाहिजे ना?

---

पाटणखोरं | ५ मे, रात्री ८:१०

थांबा. हेच लिहायला लॉगिन केलंय.

आमचं घर पाटण तालुक्यात. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या जोत्याचे दगड हलले आणि दाराची चौकट ओळंब्यातनं गेली. घर पडलं नाही, वडिलांनी तसंच वापरलं. पुढं बऱ्याच वर्षांनी दारातला हललेला दगड सरळ करायचा म्हणून एका गवंड्यानं टेकू न लावताच तो ओढून काढला. चौकट बोटभर खाली बसली आणि वरच्या भिंतीला कोपऱ्यापासनं तिरकी भेग गेली. त्या एका दगडापायी पुढं अख्खी दर्शनी भिंत उतरवून परत बांधावी लागली.

साताऱ्यातल्या जुन्या घरांनीही तो धक्का खाल्लेला आहे. तुमच्या चौकटीवरची तुळई दोन्ही बाजूंच्या भिंतीत किती आत गेलीय ते बघा. वीतभर तरी आत असेल तर बरंचसं वजन भिंत घेते, नसेल तर सगळा भार चौकटीच्या दोन खांबांवर आणि तिथनं थेट या दगडावर येतोय.

---

चुनाघाणी | ५ मे, रात्री ९:००

पाटणखोरं यांनी लिहिलंय ते शंभर टक्के. तुळईखाली आतनं दोन आणि बाहेरनं दोन असे लोखंडी प्रॉप लावा, स्लॅबला लावतात तेच, स्क्रू फिरवून घट्ट होतात. खाली फळी द्या म्हणजे जमिनीत रुतणार नाहीत. घट्ट म्हणजे नुसतं टेकतील एवढंच, वर रेटायचं नाही, मातीची भिंत आहे ती. दारं बिजागरीतनं काढून ठेवा. मग दगडाला हात लावा.

---

मिरजकर६१ | ५ मे, रात्री ९:३५

एवढा खटाटोप वाचून मला परत म्हणावंसं वाटतं की दगड न काढता त्याच्यावरच खड्डा भरून पाऊण इंची ग्रॅनाइट चिकटवलं तर काय बिघडलं? चौकट हलायची भीती नाही, आईंनाही दगड फोडल्याचं दुःख नाही.

---

चुनाघाणी | ५ मे, रात्री १०:१५

काका, तुमची काळजी समजते. अडचण दोन ठिकाणी आहे. वर लादी आली की पाऊण इंच लादी आणि खालचा मसाला मिळून ही पायरी इंच-सव्वा इंच उंच होते आणि खालची आहे तेवढीच राहते. पाय एका उंचीला सवयीचा झाला की दुसरी पायरी इंचानं जरी जास्त असली तरी ठेच लागते आणि म्हातारी माणसं घसरण्याइतकीच ठेचकाळूनही पडतात. आणि गुळगुळीत दगडावर मसाला धरत नाही, दोन उन्हाळे गेले की लादी डुगडुगायला लागते. खड्डा इपॉक्सी आणि दगडाच्या भुकटीनं भरणारेही आहेत, काळा दगड उन्हात तापतो, भर वेगळी फुगते, कडेनं सुटते. मी तीन-चार ठिकाणी ती खरवडून काढलीय.

---

काळापाषाण | ६ मे, सकाळी ११:२०

भूशास्त्र शिकवतो म्हणून थोडं दगडाबद्दल.

आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. थरावर थर आहेत आणि सगळे थर सारखे नाहीत. घट्ट, एकजीव बेसाल्ट पायरीला उत्तम. ज्यात पांढऱ्या खनिजांनी भरलेली छिद्रं असतात, विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, तो लवकर खचतो. नवा दगड घ्यायचीच वेळ आली तर फोडलेल्या कडेला पांढरे ठिपके आहेत का बघा. महाबळेश्वर-पाचगणीकडचा जांभा दिसायला छान, पण वर्दळीच्या पायरीला मऊ पडतो.

आता एवढा कठीण दगड चपलांनी कसा झिजतो? चपलेखाली बारीक रेती असते, ती क्वार्ट्झची असेल तर बेसाल्टपेक्षा कठीण. म्हणजे पिढ्यान् पिढ्या आपण पॉलिश पेपरच फिरवत असतो. घट्ट दगड असेल तर तो खूप टिकतो, साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारामोटेच्या विहिरीच्या पायऱ्या अठराव्या शतकातल्या आहेत आणि आजही लोक त्यावरनंच उतरतात.

पण माझा एक प्रश्न आहे. दीड इंच झीज मधोमध आहे म्हणालात. तिथं कौलांच्या पागोळ्या पडतात का?

---

माचीवरनं | ६ मे, दुपारी २:००

सर, हो. पुढची पन्हळ पाच-सहा वर्षांपूर्वी गंजून पडली ती परत लावलीच नाही. पागोळ्या बरोबर वरच्या पायरीवर पडतात. आणि आता आठवतंय, आई घसरली तेव्हा दगडावर हिरवट थर होता.

---

काळापाषाण | ६ मे, दुपारी २:२५

मग आई झिजलेल्या दगडावरनं नाही, शेवाळावरनं घसरल्या असणार. दगड बदला, उलटा करा, ग्रॅनाइट लावा, पागोळ्या तिथंच पडत राहिल्या तर पुढच्या श्रावणात परत शेवाळ धरणार. पन्हळ आधी. शेवाळ काढायला कडक ब्रश आणि पाणी पुरतं, अॅसिड ओतू नका, दगडाला फार काही होणार नाही पण सांध्यातला चुना ते खाऊन टाकतं.

---

हरिपूर_रोड | ६ मे, रात्री ८:४५

सांगलीतनं एक अनुभव. २०१९ च्या पुरात आमच्या दारात कमरेएवढं पाणी होतं. ओसरल्यावर पायऱ्यांच्या सांध्यातनं गाळ निघाला, मग आम्ही सगळे सांधे धुऊन वॉटरप्रूफ सिमेंटनं गच्च बुजवले, उंबरठ्याच्या बाजूनंही. वाटलं आता पाणी आत जाणार नाही. झालं उलटं, जोत्यात मुरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाटच राहिली नाही, ती लाकडात चढली. दोन वर्षांत उंबरठ्याची खालची बाजू भुसभुशीत झाली आणि मग वाळवी. आजोबांच्या वेळचं सागवान होतं ते. तुम्ही काही करा पण तिथं सिमेंट घालू नका एवढंच कळकळीनं सांगतो.

---

माचीवरनं | ६ मे, रात्री ९:२०

वाचून वाईट वाटलं. मग सिमेंट नाही तर काय वापरायचं? इथं चुना कुणाला येतो आता?

---

चुनाघाणी | ६ मे, रात्री १०:३०

येतो, शोधावा लागतो, पण एवढ्याशा कामाला चुना मळायच्या घाणीची गरज नाही, फावड्यानं आणि थापीनं होतं.

चुना विझवून निदान पंधरा दिवस पाण्याखाली मुरलेला पाहिजे. तुमच्याकडं वेळ कमी आहे, त्यामुळं मुरलेला तयारच मिळवा. स्वतः कळीचा चुना विझवायचा झाला तर चुना पाण्यात सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, उकळून अंगावर उडतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो. चष्मा आणि हातमोजे घालूनच. लहान मुलं लांब.

प्रमाण मी एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू असं घेतो. सुरखी म्हणजे कमी भाजलेल्या विटांची नाहीतर जुन्या कौलांची भुकटी, तिच्यामुळं चुना ओलीतही धरतो. तुमच्या घराचीच फुटकी कौलं माळ्यावर असतील तर तीच कुटा.

दगड बसवताना खाली सगळीकडं मसाला आणि चिपा ठासून भरायच्या, पोकळी ठेवायची नाही, मधे अधांतरी राहिला तर कधीतरी वजन आल्यावर तडकतो. उलटा केल्यावर झिजलेला खड्डा खाली येणार, त्यात भर नीट जातेय का ते स्वतः उभं राहून बघा. बाहेरच्या बाजूला दोन सूत, म्हणजे पाव इंच, ढाळ द्या, चौदा इंचाला तेवढा पुरे. जास्त दिलात तर पाय पुढं जातो. मग दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरा आणि निदान दहा-बारा दिवस ओलं गोणपाट टाकून ठेवा. थेट ऊन नको, जोराचा पाऊस नको. म्हणून सांगतो, १५ मे च्या आत दगड बसला पाहिजे.

---

वाईची_लेक | ७ मे, सकाळी ८:००

दगड हलवायच्या आधी आईंच्या हातनं हळदकुंकू वाहून घ्या. त्यांनी रोज तिथं रांगोळी काढलीय, त्यांना विचारून दगड हलतोय हे त्यांना कळू दे.

---

माचीवरनं | १६ मे, रात्री १०:१०

मंडळी, काम झालं. सविस्तर लिहितो कारण तुमच्या सगळ्यांच्या जिवावर झालंय.

मिरजकर काका, कठडा सगळ्यात आधी बसवला, ८ तारखेलाच. पन्हळ ९ ला. आई कठडा धरून पाच-सहा वेळा नुसतीच खाली-वर करून आली.

१० ला प्रॉप लावले. तुळई उजवीकडं वीतभर आत होती पण डावीकडं जेमतेम चार बोटं, म्हणजे पाटणखोरं यांनी लिहिलं नसतं तर काय झालं असतं ते मला विचारही करवत नाही. आईनं हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. कोरेगावकडचे एक वयस्कर पाथरवट मिळाले, सोबत त्यांचा मुलगा आणि दोन गडी. दगड बाहेर काढायलाच चार तास लागले. चुनाघाणी दादा, तुमचं अगदी बरोबर, खालची बाजू नुसती ओबडधोबड, मधे टेंगूळ. डाव्या टोकाचा बद्द आवाज म्हणजे खालची भर वाहून गेली होती, दगड शाबूत होता. मागच्या बाजूला सागवानाखाली ओल होती पण लाकूड टणक निघालं. नशीब.

दोन दिवस ते बापलेक दारातच बसून दगड घडवत होते. टाकीचा तो टणटण आवाज ऐकून पेठेतली म्हातारी माणसं येऊन बसायची, प्रत्येकाला आपल्या घरातलं जातं आठवत होतं. वरचा पृष्ठभाग त्यांनी मुद्दाम बारीक टाकीचा ठेवलाय, हात फिरवला तर खरखरीत लागतो. घडवून झाल्यावर जाडी बरोबर सहा इंच राहिली. भर घालून खालच्या पायरीशी उंची मिळवून घेतली.

मसाला चुना-सुरखीचाच. कौलं आमचीच, माळ्यावरची. पुतण्यानं आणि मी खलबत्त्यात कुटली, एक अख्खी दुपार गेली.

---

हरिपूर_रोड | १६ मे, रात्री १०:४०

फार बरं वाटलं वाचून. लाकूड वाचलं हे सगळ्यात मोठं.

---

वाईची_लेक | १६ मे, रात्री ११:००

आणि ती विळ्याची खाच? दगड उलटा केला म्हणजे ती खाली गेली असणार ना 😔

---

माचीवरनं | १७ मे, सकाळी ६:५०

तेच सांगायचं राहिलं ताई. दगड उलटायच्या आधी आईनं पाथरवट काकांना ती खाच दाखवली. ते बराच वेळ दगडाकडं बघत बसले आणि मग मुलाला म्हणाले, लांबीवर उलटायचा नाही, टोकावर टोक फिरवायचा. मला आधी समजलंच नाही. लांबीवर उलटला असता तर पुढची बाजू मागं जाऊन कायमची भिंतीत गेली असती. टोकावरनं फिरवल्यामुळं पुढची बाजू पुढंच राहिली, फक्त वरची कड खाली आली आणि उजवं डावीकडं गेलं. त्यासाठी साडेचार फुटी दगड अख्खा उभा करून आडवा करावा लागला, कप्पी लावून, निम्मा दिवस जास्त गेला आणि त्याचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

खाच आता पायरीच्या दर्शनी बाजूला, डाव्या हाताला, खालच्या पायरीच्या अगदी वर आहे. दर्जा भरताना मसाला तिच्यात जाऊ नये म्हणून त्यांनी ओल्या सुतळीचा बोळा घालून ठेवलाय, दर्जा वाळल्या की काढायचाय. आई रोज गोणपाटावर पाणी मारताना तो बोळा जागेवर आहे ना ते बघते.